सैतानाचं नाव कोणी ठेवलं?

रोवण्याचे दिवस आहेत. चिखलातून घरी येऊन, पाय धुऊन तुम्ही रेडिओजवळ बसल्या असाल. आज ऐकता ऐकता एक करा. चुलीजवळची हिंगाची डबी हातात घ्या, झाकण काढा आणि वास घ्या. या हिंगाला इंग्रज लोक काय म्हणत आले, माहीत आहे? सैतानाची विष्ठा. जर्मन भाषेतही त्याचं नाव तेच आहे.

परवा एका गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वरणात सैतान आहे का वं?" मग त्या सगळ्यांनाच असली नावं ऐकायची होती. म्हणून आज इतिहास सांगायचा तो याच गोष्टीचा. सैतान, राक्षस, भूत यांची नावं वस्तूंना, झाडांना आणि गावांना कशी पडली, आणि हीच नावं माणसाला पडली की काय होतं.

हिंग म्हणजे इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झाडाच्या मुळाचा चीक. त्यात गंधकाचा अंश असतो, म्हणून वास इतका उग्र. ज्यांना तो ओळखीचा नव्हता त्यांनी नाक मुरडलं आणि सैतानाचं नाव दिलं. आपण तोच हिंग तेलात टाकतो आणि पोट दुखलं तर लेकराच्या बेंबीला लावतो.

आता आघाडा घ्या. सांदवाडीत आपोआप उगवणारा, लुगड्याला चिकटणारा. इंग्रजीत त्याला सैतानाचा चाबूक म्हणतात. आपण मात्र श्रावणात आघाडा-दूर्वांची माळ जिवतीला घालतो, लेकरं जगावीत म्हणून. गणपतीच्या पत्रीतही आघाडा लागतोच. धोतऱ्याच्या फुलाला तिकडे सैतानाची तुतारी म्हणतात, इकडे ते महादेवाला वाहतात. धोतरा विषारी आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे. आपण त्यापासून पोरांना लांब ठेवतो, तरी त्याला वाईट नाव देत नाही.

सातवीण तुम्ही पाहिलीच असेल. एका देठाला सात-सात पानं असतात, म्हणून सप्तपर्णी. पावसाळा संपता संपता फुलते आणि संध्याकाळी तिचा वास अंगावर येतो. या झाडाला इंग्रजीत सैतानाचं झाड असं नाव आहे. त्याच झाडाच्या लाकडापासून पूर्वी पोरांच्या पाट्या बनत. म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात शाळा-विद्येशी नातं सांगणारा शब्द आहे. बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकूरांच्या शांतिनिकेतनात पदवी मिळालेल्या मुलामुलींना याच झाडाची पानं देण्याची रीत आहे. एकच झाड, कोणी त्याला सैतानाचं म्हटलं, कोणी विद्येचं.

आपल्या जंगलातलंही एक झाड सांगते. ताडोब्यात पर्यटक आले की गाइड त्यांना एक पांढरं झाड दाखवून भुताचं झाड म्हणतात. त्याला कुठे कुलू, कुठे कढई, कुठे पांढरूक आणि कुठे चक्क भुत्या म्हणतात. उन्हाळ्यात त्याची पानं झडतात आणि गुळगुळीत पांढरं खोड चांदण्यात उभं दिसतं. अंधारात अचानक समोर आलं तर कोणीही दचकेल. दिवसा त्याच झाडाजवळ गेलं की दिसतो डिंक. हा डिंक पाण्यात टाकला की खूप फुगतो. औषधांत आणि खाण्याच्या पदार्थांत तो वापरतात, दाताची कवळी बसवायलाही वापरतात. त्याला चांगला भाव मिळतो, म्हणूनच खोल खोल घाव घालून लोकांनी पुष्कळ झाडं मारून टाकली. भुताच्या नावाच्या झाडाने कोणाला मारलं नाही, मेलं ते झाडच.

झाडांसारखंच गावांचं आणि डोंगरांचं आहे. जे कसं झालं ते कळत नव्हतं, तिथे माणसाने राक्षस आणून बसवला. आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. लवणासुर नावाचा दैत्य तिथे राहत होता आणि विष्णूने त्याला मारलं, अशी कथा आहे. गावातल्या जुन्या देवळाचं नावच दैत्यसूदन, म्हणजे दैत्याला मारणारा. पुढे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की आकाशातून उल्का येऊन काळ्या दगडात आदळली आणि तो खड्डा पडला. खड्ड्याचा व्यास जवळजवळ पावणेदोन किलोमीटर आहे. कथा खोटी म्हणून देऊळ पाडायचं असं मी म्हणत नाही. पण खड्डा कशाने झाला, हे आता आपल्याला माहीत आहे.

बीड जिल्ह्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. १७६३ साली तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात ते नाव येतं. गोव्यात सासष्टी तालुक्यात वेताळभाटी आहे. आपल्याला वेताळ म्हटलं की भुतांचा राजा आठवतो. गोव्यात मात्र तो गावाची राखण करणारा देव आहे. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती पाद्र्यांना तो सैतान वाटला, गावच्या लोकांना तो आपला वाटत होता.

बाहेरचा माणूस येऊन नाव ठेवतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे वायोमिंग राज्यात माळावर एक प्रचंड उभा खडक आहे. तिथल्या मूळ रहिवासी जमाती त्याला अस्वलाचं घर म्हणत आणि पवित्र मानत. १८७५ साली एक लष्करी तुकडी तिकडे गेली. दुभाष्याने मूळ नावाचा अर्थ चुकीचा सांगितला असं मानतात, आणि नाव पडलं सैतानाचा मनोरा. १९०६ साली सरकारने तो खडक राष्ट्रीय स्मारक केला, तोही याच नावाने. तिथले आदिवासी कित्येक वर्षं सांगत आहेत की हे नाव बदला, आमच्या देवस्थानाला सैतानाचं म्हणू नका. नाव अजून बदललेलं नाही.

हे ऐकून तुम्हाला आपल्या घरची गोष्ट आठवली असेल. दसऱ्याला रावण जाळतात, पण गडचिरोलीतल्या गोंड समाजात रावणाला आपला राजा, आपला पूर्वज मानणारे पुष्कळ लोक आहेत. परसवाडीसारख्या गावात दसऱ्याच्या वेळी त्याची पूजा होते. एकाचा राक्षस तो दुसऱ्याचा आजोबा. 'असुर' या शब्दाचंही तसंच. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवालाच असुर म्हटलं आहे, तिथे तो मानाचा शब्द आहे. पुढे आपल्याकडे असुर म्हणजे राक्षस झाला. इराणात उलटं झालं. तिथे अहुर हा परमेश्वर राहिला, आजही पारशी लोक अहुर मज्दाची प्रार्थना करतात, आणि 'देव' हा शब्द दुष्ट शक्तीसाठी वापरला गेला. शब्द तेच, वापरणारे वेगळे.

आपल्या जुन्या माणसांची एक रीत मला आवडते. ज्याची भीती वाटते, त्यालाही ते मानाचं नाव देत. वाघ म्हटलं नाही, वाघोबा म्हटलं. ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखावरून पडलं असं सांगतात. तो वाघाशी लढताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे यात्रा भरत आली आहे. देवीचा रोग आला तर 'देवी आल्या' म्हणत. पण मान दिला म्हणून देवीचा रोग थांबला नाही. घरोघर फिरून लस टोचली तेव्हा तो थांबला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० साली सगळं जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

आता चंद्रपूर शहरात चला. भिवापूर-लालपेठ भागात उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती आहेत. त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. गोंड राजांच्या काळात रायप्पा कोमटी नावाच्या माणसाने त्या घडवायला घेतल्या असं सांगतात. देऊळ काही उभं राहिलं नाही. त्यातली सगळ्यात मोठी मूर्ती एकाच दगडात कोरलेली आहे आणि तिला दहा तोंडं आहेत. दहा तोंडं पाहून लोकांनी तिला रावण म्हणायला सुरुवात केली. पण ती मूर्ती बाईची आहे. ती दशमुखी दुर्गा आहे. देवीच्या मूर्तीला पिढ्यान्‌पिढ्या लोक रावण म्हणत आले, कारण दहा तोंडं मोजली आणि पुढे कोणी नीट पाहिलंच नाही.

मराठीत एक गंमत आहे. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो. आणि एखाद्या बाईच्या मागे बोलायचं असेल तर तिला नावं ठेवतो. शब्द एकच. इथून पुढचं बोलणं त्या दुसऱ्या प्रकारच्या नावांबद्दल आहे.

बाईला सैतानाचं नाव देण्याची रीत जुनी आहे. अकबर बादशहाच्या काळात राजधानीबाहेर नाचणाऱ्या आणि देहविक्री करणाऱ्या बायांची वेगळी वस्ती केली होती. तिचं नाव ठेवलं सैतानपुरा. तिथे कोण येतं-जातं याची नोंद ठेवायला दरोगा नेमला होता. येणारे पुरुष शहरातले, मोठ्या घरांतलेही. त्यांच्या मोहल्ल्यांना कोणी सैतानाचं नाव दिलं नाही.

आपल्याकडे बाईला चेटकीण म्हणतात, भुताळीण म्हणतात, करणी करणारी म्हणतात. मी लहान असताना माझ्या मामाच्या गावात एक बुढी माय होती. नवरा मेलेला, पोरगी दूर दिलेली. बोडीच्या पलीकडे एकटी राहायची. मोहफुलं वेचायला सगळ्यांच्या आधी जायची. ती दिसली की आम्ही पोरं पळायचो. घरात सांगितलंच होतं, तिच्यासमोर खायचं नाही, तिने दिलेलं चार खायचं नाही. तिने एकदा मला हाक मारली होती, ओंजळीत चार घेऊन. मी पळाले. ती तशीच उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं.

एका पावसाळ्यात त्या गावात तापाने दोन लेकरं गेली. बाहेरून कोणाला तरी बोलावलं, त्याने तांदूळ पाहिले आणि बोडीपलीकडच्या घराकडे बोट केलं. मारहाण झाली नाही, पण विहिरीवर तिला पाणी भरू देईनात, दुकानात मीठ देईनात. दिवाळीआधी ती पोरीकडे निघून गेली. परत आली नाही. तिची दोन एकर धानाची बांधी होती. ती पुढे नात्यातल्याच माणसांनी कसायला घेतली. ही गोष्ट मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आली. लहानपणी आम्हाला फक्त एवढंच कळलं की गाव आता सुरक्षित आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला.

ताप का आला? १८९७ साली रोनाल्ड रॉस या डॉक्टरने सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. सिकंदराबाद आपल्यापासून काही फार दूर नाही. त्याआधी लोकांना वाटायचं की दलदलीच्या वाईट हवेने हा ताप येतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच वाईट हवा. म्हणजे या रोगालाही आधी चुकीचंच नाव पडलं होतं. गडचिरोलीत मलेरिया आजही आहे. आशाताई बोटातून रक्ताचा एक थेंब घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत किटवर कळतं. एकाच घरात लेकरं वारंवार आजारी पडतात, सांधे दुखतात, अंगात रक्त राहत नाही, तिथे सिकलसेल असू शकतो. तो आई आणि बाप दोघांकडून येतो आणि रक्ताच्या तपासणीत सापडतो. शेजारणीच्या नजरेतून तो येत नाही.

ही जुनी गोष्ट झाली असं म्हणू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, करणीच्या संशयावरून सात दलित माणसांना खांबाला बांधून मारलं. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसं होती. ज्या जिवतीचा कागद आपण लेकरांच्या आयुष्यासाठी दाराला लावतो, त्याच नावाचा तो तालुका. १ मे २०२४ रोजी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारून जाळलं. पंधरा जणांना अटक झाली. त्यांत त्या बाईच्या घरचीही माणसं होती.

यावर आपल्याकडे कायदा आहे. तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच आठवड्यात सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात कायदा मंजूर झाला. नाव लांब आहे, आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. अमकी बाई करणी करते, मंत्राने गाईचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असं सांगून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. आणि पुढचे शब्द लक्षात ठेवा. एखाद्या माणसाला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणं, हासुद्धा त्या कायद्यात लिहिलेला गुन्हा आहे. हात उचलायची वाट पाहायला नको. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. जो मदत करतो, चिथावतो, तोही त्यात येतो. मारहाण, खून यांचे गुन्हे आणखी वेगळे लागतात.

झाडाला सैतानाचं नाव दिलं तर झाडाला कळत नाही. खडकाला दिलं तर त्या लोकांचं मन दुखतं. पण जिवंत बाईला दिलं तर तिचं पाणी बंद होतं, जमीन जाते, जीवही जातो. म्हणून नाव कानावर आलं की तिथेच विचारायचं. कोण म्हणतं? कधीपासून म्हणतं? तिचा नवरा जिवंत आहे का? तिच्या नावावर काय आहे? आजारी पडलेल्याचं रक्त तपासलं का? मी पुष्कळ ठिकाणी हे प्रश्न विचारले आहेत. जिच्यावर आळ येतो ती बहुतेक वेळा एकटी असते, म्हातारी असते, नाहीतर तिचं कोणाशी जमिनीवरून भांडण असतं.

सगळे पुजारी वाईट असं मी म्हणत नाही. 'मी पाहतो, पण तू आधी दवाखान्यात जा' असं सांगणारे पुजारी मी पाहिले आहेत. त्यांना सोबत घ्या. वाईट तो, जो माणसाकडे बोट दाखवतो.

गेल्या वर्षी एका गटात असंच झालं. एक बाई म्हणाली, अमकीच्या शेजारी मी सतरंजीवर बसणार नाही, तिने पाहिलं की माझी शेळी आजारी पडते. सगळ्या गप्प झाल्या. मीही क्षणभर गप्प झाले, खोटं कशाला सांगू. मग गटाची अध्यक्ष उठली आणि जिच्यावर बोलणं झालं तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "पुढची बैठक हिच्या घरी. चहा हीच करेल." पुढच्या महिन्यात आम्ही सगळ्या तिच्या घरी चहा प्यायलो. आळ घेणारी दारापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली, मग आत आली. शेळीला जनावरांच्या डॉक्टरने जंताचं औषध दिलं. दोघी आता मैत्रिणी झाल्या असं नाही, पण गटात सोबत बसतात आणि हप्ते भरतात. एवढं पुरेसं आहे.

पुढच्या मासिक बैठकीत तुम्हीही एवढं करा. ठराव लिहा की आपल्या गटातली कोणतीही बाई दुसऱ्या बाईला चेटकीण, भुताळीण म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. गावात एकटी राहणारी बाई कोण आहे ते पाहा आणि तिला गटात घ्या. ताप आला की आधी आशाताईला बोलवा. गावात कुजबुज सुरू झाली तर पोलीस पाटलाला कळवा. या कायद्यासाठी पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते. जीवाला धोका असेल तर ११२ वर फोन करा. महिला मदतीचा क्रमांक १८१ आहे. हे दोन्ही क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जाता जाता एक शब्द. इंग्रजीत सैतानाला जो शब्द आहे, तो जुन्या ग्रीक भाषेतून आला. त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे आळ घेणारा, दुसऱ्याची खोटी निंदा करणारा. आमच्या गटातल्या आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग बराबर आहे पोरी. जो बोट दाखवते, त्याच्यातच तो बसला असते."

चंद्रपूरला कधी गेल्या, तर महाकालीचं दर्शन झाल्यावर त्या दहा तोंडांच्या मूर्तीकडेही जाऊन या. सोबत लेकीला न्या. कोणी रावण म्हणालं तर भांडू नका. लेकीला जवळ नेऊन नीट पाहू द्या आणि विचारा, ही कोण आहे?